पैलथडीची शिदोरी

एका राज्यात, मोठ्या नदीच्या पलीकडे, पैलथडी नावाचा मुलूख होता. माती अशी की काठी खोचली तरी पालवी फुटे, आणि शाप असा की तिथे कोणी टिकत नसे. बाहेरून आलेला उदमी चार दिवसांत गाशा गुंडाळी. तिथेच जन्मलेली पोरे जाणती झाली की त्यांच्या तळपायांना खाज सुटे, आणि ती खाज राजधानीची वाट धरल्याशिवाय शमत नसे. राजधानीत पोचल्यावरही फार काळ शमत नसे, ही गोष्ट निराळी.

राजा धवलकीर्ती मनाने चांगला, पण उतावळा होता. पैलथडीत उद्योग आणायचे काम त्याने मृगावतीकडे दिले, कारण ती मूळची तिथलीच. तळपायांची खाज तिलाही होती. ती दरबारात उभ्यानेच बोले, घरी उभ्यानेच जेवे. तिला "बस" म्हणणे राजाने केव्हाच सोडून दिले होते.

दवंडी पिटली गेली: पैलथडीत जो कारखाना काढील त्याला जमीन फुकट, जकात माफ, वर मानाचे पागोटे!

पहिला आला तंतुपाल विणकर. त्याचे माग चांदण्यावर चालत. त्याने पागोटे घेतले, माग मांडले आणि पौर्णिमा उजाडायच्या आत उचलले. दुसरा आला घनघोष तांबट. त्याच्या घागरीत नासके दूध ओतले की घागर बोंब ठोके. तोही आला तसा गेला. जाताना दोघे एकच बोलले, "माणसे फार चांगली. पण का कोण जाणे, निघावेसे वाटते."

राजाला वाटले, आपलीच सवलत तोकडी पडली. त्याने पागोट्याला मोत्यांचा तुरा लावला आणि पाहुणचार दुप्पट करण्याचा हुकूम सोडला. मग मृगावतीला म्हणाला, "तिसरा आणशील तो अखेरचा. तोही गेला, तर पैलथडी उठवीन. घरांचे वासे उतरवून माणसे राजधानीत आणीन. ओसाड मुलखाला रस्ते आणि पहारे किती काळ पुरवू?"

"माझा भाऊ तिथे आहे, महाराज."

"त्याला इथे घर देईन."

"घर त्याला आहे," मृगावती म्हणाली, आणि मुजरा करून निघाली.

तिसरा होता पिंगाक्ष काचकार. त्याच्या काचेत उद्याचा पाऊस आज दिसे, आणि त्याच्या नाकाच्या शेंड्यावर राग बाराही महिने दिसे. मृगावतीने त्याला नावेतून पैलथडीला आणले, तर काठावर गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन तिचा थोरला भाऊ मल्हारी उभा. तोच तिथला प्रमुख.

"या पाव्हणं, या!" मल्हारीने पिंगाक्षाला ओवाळले. मग बहिणीकडे वळून तितक्याच अदबीने म्हणाला, "या मृगाबाई. बसा."

पैलथडीची एक रीत होती. निघताना पाहुण्याची ताटकळ होऊ नये म्हणून तो आल्याबरोबरच त्याची शिदोरी बांधून त्याच्या दारातल्या खुंटीला लटकवायची. भाकरी शिळी होऊ नये म्हणून ती रोज बदलायची. पाहुण्याने चूल पेटवायची नाही, काडी उचलायची नाही, आणि त्याला कोणी उलट शब्द बोलायचा नाही. या रीतीचा पैलथडीला मोठा अभिमान होता. आता राजाच्या हुकमाने पिंगाक्षाच्या खुंटीला दोन शिदोऱ्या लागल्या. मृगावतीच्याही खुंटीला एक लागली. दर खेपेला लागे. तिला त्यात वावगे कधी वाटले नव्हते. वाटे ते एवढेच, की आपल्याच माहेरात आपला पाय का ठरत नाही?

पिंगाक्षाची भट्टी पेटली. भट्टीला पाणी लागे, म्हणून त्याने गावाच्या बंधाऱ्यातून येणारा पाट आपल्याकडे वळवला. कोणी हूं की चूं केले नाही. मल्हारीचे वांग्याचे वाफे माना टाकू लागले, तरी तो रोज सकाळी हसतमुखाने ताजी भाकरी घेऊन जाई.

"दादा, पाण्याची पाळी तुझी होती ना?" मृगावतीने विचारले.

"असू द्या की. पाव्हण्याला कसं बोलायचं?"

आणि एका सकाळी पिंगाक्ष सामान बांधू लागला. "तुमच्या लोकांत खोट नाही," तो चिडचिडत म्हणाला, "पण डोळे उघडले की समोर शिदोरी दिसते आणि पाय आपोआप वहाणा शोधतात!"

मृगावती बाहेर पडली ती चालतच सुटली. चालता चालता नदीच्या वाळवंटात आली, तोच एक टिटवी तिच्या डोक्यावर झेपावली.

"मागे हो! माझी अंडी आहेत!"

"जागा उघडी आहे. इथे कशाला राहतेस?"

"उघडी असो नाहीतर झाकली. माझी आहे, म्हणून भांडते," टिटवी म्हणाली. "तुम्ही पैलथडीकर भांडत नाही. म्हणून तर शाप भोगता."

"कोणता शाप?"

"माझ्या पणजीने डोळ्यांनी पाहिलेला. एक मांत्रिक फिरून फिरून दमला आणि इथे आला. तुमच्या लोकांनी त्याला डोक्यावर घेतले. तो म्हणाला, मला इथेच राहू द्या, तुमच्यासोबत बंधाऱ्यावर मातीची पाटी उचलू द्या. लोकांनी कानांवर हात ठेवले, पाहुण्याने पाटी उचलायची? आणि त्याच्या हाती शिदोरी दिली. तो रडला, बाई. मग म्हणाला, तुमच्याकडे येईल तो पाहुणाच राहील, आणि तुमची पोरेही इथे पाहुणीच होतील."

"यावर उतारा?"

"तीन गोष्टी. येणाऱ्याला चूल द्या, पाटी द्या आणि भांडण द्या. आता माझ्या अंगणातून नीघ."

मृगावती धावत परतली. पिंगाक्षाचे ओझे दाराशी आले होते आणि तो खुंटीकडे हात करीत होता. तिने झडप घालून दोन्ही शिदोऱ्या काढल्या, उंबऱ्यावर उभी राहिली आणि खाऊ लागली.

"माझी भाकरी!" पिंगाक्ष ओरडला.

"भूक लागली असेल तर चूल पेटवा. सरपण मागे आहे."

गाव गोळा झाले. मल्हारी पुढे धावला. "मृगाबाई, हे काय आरंभलंत? पाव्हण्याच्या तोंडचा घास..."

"दादा, तुझी वांगी कोणी वाळवली?"

"वाळली आपली."

"कोणी वाळवली?"

पिढ्यान्‌पिढ्या गिळलेले सारे मल्हारीच्या घशाशी आले. त्याने बहिणीकडे पाहिले, मग करपलेल्या वाफ्यांकडे, आणि एकदम त्याचा बांध फुटला. "तुम्ही! पाळी माझी, पाणी माझं, आणि पाट बिनदिक्कत फिरवला तुम्ही! विचारायची काय लाज वाटली?"

पिंगाक्षाचे डोळे आधी विस्फारले, मग चमकले.

"मग पहिल्याच दिवशी का नाही बोललात?" तो त्याच्याहून मोठ्याने गरजला. "मला काय ठाऊक तुमच्या पाळ्या? बंधाऱ्यात पाणी साठतेच किती! मातीची भर घाला, उंची वाढवा!"

"मोठे आले सांगणारे! घाला की तुम्हीच!"

"घालतो! पाटी कुठे आहे?"

पाटी मिळाली. भुकेपोटी पिंगाक्षाने आधी चूल पेटवून भाकरी भाजली, मग शिव्या देत देत, भट्टी विझू न देता, बंधाऱ्यावर पहिली माती टाकली. त्याच क्षणी जमीन खालून हलकेच हुंकारली, आणि पैलथडीतल्या प्रत्येक तळपायाची खाज थांबली. लोक आपापल्या पायांकडे बघत राहिले.

बंधारा चढला. वांगी तरारली, आणि काचेच्या भट्टीशेजारी तांबटाचा भाता पुन्हा सुरू झाला. चांदण्यावर चालणारे माग परतले. राजधानीतली पोरे एकेक करून परतीची नाव धरू लागली. धवलकीर्तीने पागोटी गुंडाळून कोठीत ठेवली आणि पैलथडी उठवायचा बेत सोडला.

पण हे सारे मागाहून. त्या दिवशी मृगावती भावाच्या घरी आली तेव्हा तिच्या खोलीच्या दारातली खुंटी रिकामी होती. तिने खुंटीवरून हात फिरवला. मग ओसरीवर मांडी घालून बसली. किती वर्षांनी बसली, तिचे तिलाच आठवेना. डोळे वाहत होते आणि ती ते पुसत नव्हती.

एवढ्यात बंधाऱ्यावरून मल्हारीची हाक आली.

"मृगे! बसलीस काय तिथं? पाटी घेऊन ये की, तुझी पाळी आहे!"