काळ्या एल्फच्या घरची रीत

एका चातुर्मासात मी नेम धरला होता, की लेकीचं बोलणं रोज अर्धा तास, मध्ये न टोकता ऐकायचं. शाल्मलीला फासे टाकून खेळायच्या गोष्टींचं वेड. त्यांत एल्फ नावाची टोकदार कानांची माणसं असतात. ऐकता ऐकता मला त्यांची सगळी कुळं कळली. एका खेळातले काळे एल्फ जमिनीखाली राहणारे आणि दुष्ट, तर दुसऱ्या खेळातले काळे एल्फ पूर्वजांना पुजणारे, सज्जन.

पुढे हे खेळ चालवणाऱ्या पेंडसे सरांच्या घरी स्पर्धा होती; मीही लेकीबरोबर गेले. शाल्मलीने महिनाभर खपून, खेळातलं आपलं पात्र म्हणून, एक सज्जन काळी एल्फ कागदावर रचली होती. सरांनी तिचा कागद बाजूला सारला.

"काळे एल्फ दुष्टच असतात. वीस वर्षं खेळतोय मी. बाकीच्या पुस्तकांतले सगळे खोटे. तू बाद."

लेकीचा चेहरा उतरला. मी हळूच विचारलं, "सर, तुमच्याकडे गौरी कशा बसतात?"

"खड्यांच्या. नदीवरून सात खडे आणतो."

"आणि वहिनींच्या माहेरी?"

"मुखवट्यांच्या. उभ्या, साड्या नेसवून."

"मग त्यांतल्या खोट्या कुणाच्या, सर?"

चहा घेऊन आलेल्या वहिनी दारातच थांबल्या. "सांगा की," त्या म्हणाल्या. "मीही ऐकते."

सरांनी वहिनींकडे पाहिलं आणि कागद पुन्हा पुढे ओढला. "बस गं शाल्मली. तुझ्या एल्फच्या घरची रीत काय, ते आधी सांग."

बायांनो, तुमच्याही घरी कुणी असं काही खेळत असेल, तर अर्ध्या तासाचा हा नेम तुम्हीही धरून पाहा.