राजा नंदकेतूची उभी वीणा

एका राज्यात, जिथे डोंगर वाटसरूंना वाट सांगत आणि विहिरी पाणी देण्याआधी नाव विचारीत, नंदकेतू नावाचा राजा राज्य करीत होता. राजा शूर होता, न्यायी होता, प्रजेला लेकरांसारखे सांभाळीत होता. त्याला व्यसन असे एकच होते. तो उभी वीणा वाजवीत असे, आणि ती त्याला वाजवता येत नसे.

ही वीणा सात समुद्रांपलीकडच्या धुक्याच्या बेटावरून आली होती. तिला ना भोपळा ना पडदे. कमानदार लाकडी चौकट आणि तिच्यात क्रमाने आखूड होत गेलेल्या तारा, बस्स. ती पुढ्यात उभी करायची, खांद्यावर टेकवायची आणि दोन्ही हातांच्या बोटांनी छेडायची. वाजवणारा हरवू नये म्हणून काही तारा लाल आणि काही निळ्या रंगवल्या होत्या. राजा तरीही हरवत असे. मग तो म्हणे, आज हवा दमट आहे, तारा उतरल्या आहेत. नाचता येईना अंगण वाकडे ही म्हण त्या राज्यात कुणी मोठ्याने उच्चारीत नसे.

पण एकट्याने हरवण्यात गंमत नाही, म्हणून राजाने सुतारांकडून तशाच आणखी वीणा करवून घेतल्या. एक राणी चारुमतीला दिली. एक बालमित्र सेनापती भीमबाहूला दिली. ज्यांनी राजाला लहानाचे मोठे केले त्या आत्याबाईंना मांडीवर मावेल अशी चिमुकली दिली. राणीचा हात त्यातल्या त्यात बरा होता. सेनापतीच्या वीणेची एखादी तार कायम तुटलेली असे, कारण तो तार छेडत नसे, धनुष्याच्या दोरीसारखी ओढीत असे. दिवेलागणीला चौघे गच्चीवर बसत आणि राजकन्या किंकिणी मधोमध बसून गात असे.

त्यांचा एक रिवाज होता. वाजवता वाजवता कुणी चुकला, मागे राहिला, तर बाकीच्यांनी थांबायचे नाही आणि पुढेही जायचे नाही. तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजवीत राहायचे, मागचा येऊन मिळेपर्यंत. याला ते वळसा म्हणत. कधी कधी एका ओळीला इतके वळसे बसत की खाली मुदपाकखान्यात भात करपे. चौघे हसत, किंकिणी सर्वांत जास्त हसे, आणि राजाला वाटे, स्वर्ग याहून निराळा तो काय असणार.

त्या राज्याच्या सीमेवर काजळगड होता आणि गडावर निर्घोष नावाचा मांत्रिक राहत होता. त्याने आपल्या गडावरचा सगळा आवाज बांधून ठेवला होता. तिथे पान गळले तरी वाजत नसे. एके दिवशी वारा फिरला आणि गच्चीवरचे बेसूर अन् हसणे गडावर जाऊन पोचले. दुसऱ्या सांजेला राखाडी ढगावर बसून निर्घोष गच्चीवर उतरला.

"चुकता, आणि वर हसता?" तो म्हणाला. "चुकीला शिक्षा असते, राजा. हसू नसते."

त्याने चिमूटभर राख किंकिणीवर फुंकली. किंकिणीची साळुंकी झाली. बागेतल्या बहाव्याचा एक पिवळाधमक घोस तोडून त्याने तो राजाच्या वीणेला बांधला आणि बजावले, की या घोसाच्या पाकळ्या गळतील तशी ही माणसांचे बोलणे विसरत जाईल, आणि शेवटची पाकळी गळाली की कायमची रानपाखरू होईल. पोर परत हवी असेल तर शस्त्रावाचून, वीणा घेऊन गडावर या आणि तीन कामे करून दाखवा. एवढे सांगून तो ढगावर बसून निघून गेला.

दरबारचे वादक धावत आले. त्यांच्या हाताला चूक ठाऊक नव्हती, म्हणून त्यांनी राजाच्या जागी जाण्याची परवानगी मागितली.

राजा म्हणाला, "लेक माझी आहे. चुकाही माझ्याच असू देत."

चौघे निघाले. पाठीला वीणा बांधलेल्या, आणि राजाच्या वीणेच्या कमानीवर साळुंकी. पहिल्या मुक्कामाला ती फुलांची नावे विसरली. दुसऱ्या मुक्कामाला तिने राणीकडे मान वाकडी करून पाहिले आणि राजाला विचारले, ही बाई कोण. राणी म्हणाली, "मी तुझी आई," आणि मग बराच वेळ ती सर्वांच्या पुढे पुढे चालत राहिली. तिचे डोळे कुणाला दिसू नयेत म्हणून.

गडाच्या पायथ्याशी दरवाजा अडवून एक राक्षस बसला होता. त्याला शंभर वर्षांत झोप लागली नव्हती, आणि त्याला झोपवणे हे पहिले काम होते. राजाने अंगाईचा सूर धरला. राक्षसाचे डोळे मिटू लागले, पण दर वेळी शेवटच्या सुराशी राजाचे बोट भलत्याच तारेवर पडे आणि राक्षस दचकून उठे. अखेर आत्याबाई म्हणाल्या, "नंद्या, तू सर." त्यांना अंगाई अशी येत नव्हतीच. त्यांना तीन सूर येत होते. राजा तान्हा असताना पाळण्याची कडी जशी कुरकुरायची तसे ते तीन सूर त्या वाजवीत राहिल्या, मध्येच जांभई देत, मध्येच स्वतःही पेंगत. राक्षसाने त्यांच्या पायांशी डोके ठेवले आणि तो घोरू लागला. घोरण्याचा आवाज मात्र आला नाही, कारण गडाची हद्द सुरू झाली होती; तिथल्या सगळ्याचा आवाज बांधलेला होता, बाहेरून आलेल्यांचा तेवढा मोकळा होता.

तिथे पाऊल टाकताच चारी वीणा मुक्या झाल्या. तारा ढिल्या पडल्या, आणि खुंट्या पिळायची लोखंडी किल्ली राजाच्या कमरेवरून नाहीशी झाली. साळुंकी म्हणाली, "भुयारात." तोवर तिला एवढाच एक शब्द आठवत होता, आणि तो तिने वाऱ्यावर ऐकलेला होता. भुयारात सोन्याच्या राशी होत्या. जो त्या सोन्याला हात लावी तो स्वतः सोन्याचे नाणे होऊन राशीत पडे, आणि आजवर पुष्कळ लोभी माणसे तशी पडली होती. त्या राशींतून हात न लावता किल्ली काढणे हे दुसरे काम होते.

राणीने विचार केला, शापाचे सोने मुके असते, लोखंड मुके नसते. तिने ढिल्या तारांपैकी एकेक हाताने ताणून धरली आणि छेडली. एका जाड तारेचा सूर निघताच डावीकडच्या राशीत काहीतरी झिणझिणले. राणीने तोच सूर धरून ठेवला. सेनापतीने आपली तुटकी तार काढली, तिचा फास केला, आणि जिवाचा कान करून त्या झिणझिणण्याच्या दिशेने फेकला. किल्ली अलगद बाहेर आली. आयुष्यात प्रथमच आपल्या तुटक्या तारेचा कुणाला उपयोग झाला, या आनंदात सेनापती भुयाराबाहेर येईपर्यंत मिशीला पीळ देत होता.

माथ्यावर काळ्या शिळेवर निर्घोष बसला होता. घोसावर दोनच पाकळ्या उरल्या होत्या. साळुंकी आता बोलत नव्हती. राजाने हाक मारली तर ती त्याच्याकडे पाही, पण जशी ती झाडाकडे पाही, दगडाकडे पाही, तशीच.

"तिसरे काम," निर्घोष म्हणाला. "माझ्यासमोर वाजवा. एकदाही न चुकता."

चौघे बसले. किल्लीने तारा चढवल्या. राजाने मनातल्या मनात सगळे देव पाण्यात घातले आणि वाजवायला सुरुवात केली. कधी नव्हे ते त्याचे बोट जिथल्या तिथे पडत होते. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. सेनापतीसुद्धा तार ओढीत नव्हता. मग तिसऱ्या ओळीत राजाची नजर साळुंकीकडे गेली आणि लाल तारेऐवजी निळी वाजली.

बाकी तिघांनी सवयीने वळसा घेतला. राजा आला, त्यांना मिळाला, आणि गत पुरी झाली. कुणी मान वर करेना. एक पाकळी गळून पडली.

"चुकलास," निर्घोष म्हणाला.

"चुकलो," राजा म्हणाला.

निर्घोष उठला नाही. त्याने विचारले, "पण हे तिघे पुढे का गेले नाहीत?"

राणी म्हणाली, "महाराज यायचे होते."

मग मांत्रिकाने सांगितले, की तो तरुण असताना एका मोठ्या सभेत सर्वांबरोबर वाजवायला बसला होता. एका जागी त्याचा हात चुकला. सभा पुढे निघून गेली, आणि त्याला पुन्हा आत शिरायला फट सापडेना. तो तिथून उठला तो थेट या गडावर आला आणि त्याने सगळा आवाज बांधून टाकला. हे सांगताना तो मांत्रिक दिसत नव्हता, शाळेतून रुसून आलेले पोर दिसत होता.

आत्याबाईंनी आपली चिमुकली वीणा त्याच्या मांडीवर ठेवली. "बस असा नीट," त्या म्हणाल्या. "लाल तारेपासून धर."

पुन्हा सुरुवात झाली. निर्घोष दुसऱ्याच ओळीला चुकला. राजा, राणी आणि सेनापतीने वळसा घेतला. निर्घोष धडपडला, पुन्हा चुकला. पुन्हा वळसा. इतक्यात गडाखालून रानसाळुंक्यांचा थवा उडाला आणि राजाच्या वीणेवरची साळुंकी भुर्रकन तटावर जाऊन बसली. तिने पंख पसरले. शेवटची पाकळी देठाशी लोंबत होती.

चार ढांगांत तट गाठावा, झडप घालावी, लेकीला मुठीत धरावे, असे राजाच्या अंगाच्या कणाकणाला वाटले. पण तो उठला असता तर वळसा मोडला असता, आणि समोरचा माणूस दुसऱ्यांदा मागे राहिला असता. तो एकदा मागे राहिल्याने काय झाले होते, ते तटावर पंख पसरून बसले होते. राजाने डोळे लेकीवर ठेवले आणि बोटे तारांवर. तो तीच ओळ वाजवीत राहिला. पुन्हा. आणि पुन्हा.

आणि निर्घोषचे बोट बरोबर सुरावर पडले.

तो हसला. फार वर्षे बंद असलेले दार उघडावे तसा तो कुरकुरत हसला. शेवटची पाकळी गळाली, शिळेवर पडली, आणि पडल्याचा आवाज झाला. तो एवढासा आवाज, पण गडाचे सगळे बंध त्याने तटातट तुटले. पाने सळसळली, पायथ्याचा राक्षस दणदणीत घोरू लागला, भुयारातली नाणी माणसे होऊन एकमेकांना धक्के देत बाहेर पडली. आणि तटावर किंकिणी उभी होती.

राजा धावला. पण ती त्याला पाहून मागे सरली. तिला तो कोण हे माहीत नव्हते.

निर्घोषने मान खाली घातली. तो म्हणाला, "शाप सुटला. गेलेले शब्द आणणे माझ्या हाती नाही."

राजाने परत येऊन वीणा खांद्याला टेकवली आणि तीच ओळ धरली. राणीने धरली, सेनापतीने धरली, निर्घोषनेही चाचपडत धरली. आत्याबाई हाताने ताल देत होत्या. पुढच्या ओळीला कुणी गेले नाही. सूर्य टेकला, आकाश केशरी झाले, तरी कुणी गेले नाही. किंकिणी एक पाऊल जवळ आली. मग आणखी एक. ती येऊन मधोमध बसली, तिचे ओठ हलले, आणि कितीतरी वेळाने ती म्हणाली, "आबा, मला भूक लागली आहे."

मग राजाला वाजवता येईना, आणि या वेळी दोष तारांचा नव्हता. राणीने लेकीला पोटाशी धरले. सेनापतीने डोळ्यांत धूळ गेल्याचे जाहीर केले. निर्घोषने चूल पेटवली, राक्षसाला उठवून पाणी आणवले, आणि नाण्यांची माणसे झालेले सगळे त्या रात्री गडावर पंगतीला बसले.

राज्यात सुख नांदले. नंदकेतूची लेक आपल्या माणसांत परतली, तशी ज्यांची ज्यांची वाट पाहतो आहोत ती तुमची-आमची माणसेही परत येवोत, आणि तोवर आपल्याला वाट पाहायचे बळ लाभो.