दोन मिनिटांचं इंग्रजी आणि पंख्याची दोरी

"राजवाड्यातल्या प्रत्येक नोकराने उद्या दोन मिनिटं इंग्रजीत भाषण करायचं! ज्याला जमणार नाही, त्याने सूर्य मावळायच्या आत गाशा गुंडाळायचा!"

शिवणगड संस्थानच्या गजेंद्रराव महाराजांचं हे फर्मान निघालं आणि मुदपाकखान्यात आमटी उतू गेली.

फर्मानामागचं कारण फारच उदात्त होतं. शुक्रवारी लाटसाहेबांचा परीक्षक येणार होता आणि त्याच्यापुढे खुद्द महाराजांना दोन मिनिटं इंग्रजीत बोलून दाखवायचं होतं. सहा महिने तयारी चालली होती. महाराज घामाघूम झाले होते. आता एवढा घाम आपण एकट्यानेच गाळायचा, हे प्रजेला जीव लावणाऱ्या राजाला कसं पटावं?

परीक्षा घेणार हळबे मास्तर. महाराजांना इंग्रजी शिकवायला त्यांना मुद्दाम मुंबईहून आणलं होतं. त्यांना इंग्रजी किती येतं हे कुणी विचारलं नव्हतं, कारण त्यांच्याकडे कोट होता.

आणि सगळ्यात जास्त घाबरली होती बयजा, दिवाणखान्याचा पंखा ओढणारी. छताला टांगलेला लांबलचक कापडी पंखा, त्याची दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर पडवीत यायची. तिथे बसून ती ओढत राहायची, बस्स. आधी तिचे वडील, आबा, ती ओढायचे; त्यांचा खांदा धरल्यापासून हे काम बयजाकडे आलं होतं. काम गेलं तर तबेल्यामागची खोलीही जाणार होती.

"पोरी, तू काय बोलणार?" आबांनी विचारलं. "इंग्रजीत पाणी मागता येत नाही तुला!"

"बघू, आबा," बयजा म्हणाली, आणि तांब्या उचलून पाणी आणायला गेली.

दुसऱ्या दिवशी भर दरबारात मास्तरांनी विषय दिला, "माझा बोटीचा प्रवास! विचार करायला एक मिनिट, बोलायला दोन!"

गावची नदीसुद्धा गुडघाभर पाण्यातून पार करणाऱ्यांसाठी किती सोयीचा विषय! आचारी गणूकाका 'गुड मॉर्निंग' म्हणाले आणि रडायला लागले. कासम माहूत चक्क सलाम ठोकून परत गेला.

"नापास! नापास!" मास्तरांचा आवाज कसा खुलला होता. "पुढचा!"

बयजा पुढे आली. तिने डोळे मिटले, हातात दोरी असल्यासारख्या मुठी आवळल्या आणि सुरू झाली.

इंग्रजी! धडाधड इंग्रजी! दरबार आ वासून बघत राहिला. मध्येच ती दोनदा खाकरली. एके ठिकाणी अडखळली, 'उंऽऽ' केलं, मिशी पिळल्यासारखा हात फिरवला आणि पुढे निघाली. दोन मिनिटं झाली तेव्हा महाराज सिंहासनावर ताठ बसले होते, आणि त्यांचे कान लाल झाले होते.

मास्तर मात्र खुशीत! "सरकार, ऐकलंत? ही म्हणते, विलायतेचा समुद्र चवीला गोड आहे! म्हणते, वादळाने हिची परवानगी मागितली! म्हणते, बोट थकली म्हणून हिने ती स्वतः ढकलली! कुठल्या मूर्खाच्या डोक्यातून निघालं हे? आणि ते मधलं खाकरणं! शी! शंभरात चार. तेही माझ्या मनाचा मोठेपणा!"

"मास्तर," बयजा म्हणाली, "परवा याच भाषणाला तुम्ही शहाण्णव दिलेत."

"मी? कधी?"

"दुपारी, दिवाणखान्यात. रोजच ऐकता की. मी दोरी ओढते, भिंतीच्या भोकातून सगळं ऐकू येतं. सहा महिने तोच बोटीचा विषय, तेच भाषण! मला पाठ झालं, खाकरण्यासकट. तुम्हाला नाही झालं, कारण वारा सुरू झाला की तुमचं घोरणं सुरू होतं. भाषण संपलं की दचकून उठता आणि म्हणता, 'एक्सलंट! शहाण्णव!'"

दरबारातले सगळे डोळे मास्तरांकडे वळले.

महाराजांनी हळूच विचारलं, "मुली, मग ते भाषण कुणाचं?"

खरं नाव घेतलं तर भर दरबारात सरकारची शोभा, खोटं सांगितलं तर खोली गेली! बयजा हात जोडून म्हणाली, "सरकार, नाव मास्तरच सांगतील. शिष्य त्यांचा आहे. मी एवढंच विचारते की गुण किती? शहाण्णव असतील तर मी पास. चार असतील, तर त्या शिष्याला शुक्रवारच्या आत कळलेलं बरं."

मास्तरांनी महाराजांचे लाल कान पाहिले. कोटातही त्यांना थंडी वाजली. "श... शहाण्णव, सरकार!"

"म्हणजे वादळाने परवानगी मागितली होती?" महाराज म्हणाले.

"मा... मागितली असेल, सरकार!"

"आणि समुद्र?"

"गोड, सरकार! साखर!"

महाराजांनी ओठ दाबून धरले, मिशा थरथरल्या, आणि मग ते असे हसत सुटले की पागोटं मांडीवर आलं! "अरे, शुक्रवारी त्या गोऱ्यासमोर मी बोट ढकलणार होतो रे! फर्मान रद्द! गणू, आमटी बघ! मुली, खोली कायमची तुझ्या आबांची. आणखी माग."

"सरकार, त्या भाषणातला एकही शब्द मला कळत नाही. भोकातून ऐकू येतं, पण अर्थ येत नाही. शिकवणीत आत बसू द्याल?"

"बस! माझ्या शेजारी बस! चांगला मास्तर मागवतो, दोघं मिळून घाम गाळू." महाराज थांबले. "पण मग पंख्याचं काय?"

बयजाने कोटाकडे पाहिलं. "मास्तर आहेत की, सरकार. हातात दोरी असली की झोप लागत नाही."