विहिरीत शिकलेला भोपळा

भोपळे बोलत होते, तेव्हाची ही गोष्ट. एकाच वेलावरच्या दोन वाळलेल्या भोपळ्यांना तंबोरा व्हायचं होतं. तंबोरे घडवणारे दस्तगीरचाचा म्हणाले, "तीन वर्षं आवडेल ते शिका, मग या."

थोरला गवयाच्या माडीवर बसून राग पाठ करू लागला. धाकट्याला पाण्याची ओढ. तो विहिरीवर गेला. पोहायला शिकणाऱ्या पोरी त्याला पाठीला बांधून धपाधप उड्या मारायच्या.

"अरे, तंबोऱ्याला पोहणं कशाला लागतंय?" थोरला हसायचा. धाकट्यालाही मग धाकधूक वाटायची.

तीन वर्षांनी चाचांनी विचारलं, "काय शिकलात?"

थोरल्यानं न थांबता सगळे राग म्हणून दाखवले.

धाकटा ओशाळून म्हणाला, "मला गाणं येत नाही. पोरगी गटांगळ्या खाऊ लागली की तिला धरून ठेवायचं आणि तिचे हात चालू लागले की आपण गप्प राहायचं, एवढंच येतं."

चाचांनी त्याला उचलून मांडीवर घेतलं. "बाळा, तंबोरा दुसरं काय करतो?"

पहिल्याच मैफलीत गाणारीचा आवाज कापला. तंबोऱ्यानं मनोमन विहिरीला नमस्कार केला आणि तिला अलगद वर धरलं.