नंदादीपाची राखण

"फोन वाजला की साइट बंद पडली, हे कळलं. आणि वाजला नाही की?"

"वाजला नाही की जास्त भीती वाटते, बुवा."

टेकडीवरच्या मठात अंबादासबुवा एकटेच राहत. त्यांच्यासमोर बसलेला यशोधन रक्तपेढ्यांची वेबसाइट सांभाळायचा. कोणत्या गटाचं रक्त कुठे आहे, ते लोक तिच्यावर पाहत. साइट बंद पडताच फोनवर कळवणारी यंत्रणा त्याने स्वतः बसवली होती आणि तिचा त्याला भारी तोरा होता.

मग एकदा साइट दोन तास बंद राहिली आणि फोन गप्प. शहाण्याने पहारेकरी यंत्रणा साइटच्याच सर्व्हरवर ठेवली होती. सर्व्हरबरोबर तीही आडवी झाली.

त्या दोन तासांत एका माणसाने बायकोसाठी सगळ्या रक्तपेढ्या पालथ्या घातल्या. ती वाचली, पण यशोधनची झोप उडाली ती उडालीच. त्याने पहिल्या पहाऱ्यावर दुसरा बसवला, दुसऱ्यावर तिसरा. साइट जरा हळू चालली तरी फोन कोकलायचा. आता तो पार थकून गेला होता.

"शेवटच्या पहाऱ्यावर कुणाला बसवू, बुवा?"

...

बुवांनी गाभाऱ्यातला नंदादीप दाखवला. "माझ्या गुरूंच्या गुरूंनी लावलेला. अखंड आहे. मी जरा पडतो, तू लक्ष ठेव."

बुवांचा डोळा लागतो न लागतो तोच यशोधनने हाक मारली. ज्योत हलली होती. बुवांनी उठून पाहिलं आणि पुन्हा पडले. मग काजळी धरली म्हणून हाक. मग तेल कमी वाटलं म्हणून. दुसरा कुणी असता तर पाहुण्याला टेकडी उतरायला लावली असती. बुवा दर वेळी निमूट उठले.

चौथ्यांदा यशोधनला लाज वाटली. तो स्वतःच वात सारायला गेला. ती तेलात बुडाली आणि दिवा विझला.

त्याने बुवांना हलवलं. "बुवा... माझ्या हातून अखंड दिवा गेला."

बुवा उठले. कोनाड्यातून काडेपेटी घेतली, वात वर काढली, दिवा लावला.

काडेपेटीची बाजू घासून घासून पांढरी पडली होती. यशोधन तिच्याकडे पाहतच राहिला.

"म्हणजे... हा याआधीही विझलाय?"

बुवांनी काडेपेटी त्याच्या हातात दिली आणि ते पुन्हा आडवे होऊन कुशीवर वळले.

"हिच्यातल्या काड्या संपत आल्या, की मला उठव."