नगाऱ्याचं बारसं

एका राज्यात, कानात नाव पडल्याशिवाय मूल पक्कं होत नसे. जन्मल्या घरी, पाळण्यात घालून, सूर्य आकाशात असताना आत्यानं वाकायचं आणि हळूच कानात नाव सांगायचं. मुलानं ते ऐकलं की झालं ते माणूस. वर्षाच्या आत ऐकलं नाही, तर पहिल्या वाढदिवसाचा सूर्य मावळताच त्याचा पक्षी होई. याचं कुणाला नवल वाटत नसे. त्या राज्यातले पक्षी बोलत, ते म्हणूनच.

राजधानीत भैरोजीचा गुत्ता होता. गुत्त्याच्या भिंतीला भिंत लावून कालिंदी राहायची. नवरा विश्वंभर राजाच्या पागेत घोड्यांचा वैद्य. कालिंदी पाठशाळेत शिकलेली, अक्षर सुरेख, आणि मन असं, की दाराला कडी लावली तरी तीनदा उठून बघणार. तिला मुलगी झाली. बाराव्या दिवशी नणंद गोदू हौसेनं आली, म्हणाली, "वहिनी, नाव काय सांगू?"

कालिंदीनं चाळीस नावं काढून ठेवली होती. प्रत्येकात काहीतरी खोट. एक उच्चाराला जड, एक कुणा भांडखोर मावशीचं, एक फारच मिरवणारं. ती म्हणाली, "वन्सं, पुढच्या महिन्यात करू." पुढच्या महिन्यात म्हणाली, आणखी पुढच्या. चौथ्या महिन्यात तिचं ठरलं. इंदुमती. किती दिवस शोधलं आणि हे तर आधीपासून मनात होतं, असं तिला वाटलं. बारशापर्यंत ते नाव तिनं कुणापाशी उच्चारलंही नाही. पेटीतल्या शालूसारखं घडी घालून ठेवलं. चांगला दिवस बघितला, गोदूला निरोप धाडला.

आणि त्याच दिवशी भैरोजीच्या अंगणात नगारा आला.

झालं असं. कर्कट नावाचा एक मायावी गुत्त्यावर उतरला, सात रांजण प्याला, आणि जाताना अंगणात नगारा ठेवून गेला. म्हणाला, "हा वाजेल तोवर तुझा रांजण आटणार नाही." नगारा एवढा मोठा की दारातून आत जाईना. म्हणून उघड्यावरच राहिला. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताच तो आपला आपण वाजू लागला. टिपरी नाही, वाजवणारा नाही. दिवसभर वाजे आणि आदल्या दिवसापेक्षा तीळभर मोठ्यानं वाजे. गिऱ्हाईक खूश झालं. रांजण खरंच आटेना. लोक नाचत, पीत, पुन्हा नाचत.

शेजारी कालिंदीच्या घरी फडताळातल्या वाट्या चालू लागल्या. गोदू पाळण्यावर वाकली, नाव सांगू लागली. तिचे ओठ हलताना दिसले, इतकंच. ओरडून सांगावं तर ओरडलेलं नाव लागत नाही, असा नेम. मूल छताकडे बघत राहिलं.

आठ महिने गेले. मुलीला 'हिला' म्हणत. हिला भूक लागली, हिला न्हाऊ घाला. आणि बाराव्या महिन्यात, न्हाऊ घालताना, कालिंदीला तिच्या डाव्या कानामागं एक करडं पीस दिसलं. तिनं ते ओढून पाहिलं. मुलगी रडली. पीस पक्कं होतं.

काय करावं? कुणाला सांगावं? आपणच किरकिऱ्या तर नाही ना, असा विचार तिनं दोन दिवस केला. मग लाडवांची परडी घेतली आणि भैरोजीकडे गेली.

"भावजी, नगारा जरा बंद ठेवाल का?"

"काय?" भैरोजी ओरडला.

"नगारा!"

"छान आहे ना? सगळे म्हणतात!" त्यानं एक लाडू तोंडात टाकला. "वहिनी, कापूस घाला कानात! आम्ही घालतो!"

मग ती कोतवालाकडे गेली. कोतवाल भला माणूस. म्हणाला, "तक्रार जागेवर ऐकली पाहिजे, असा कायदा आहे." तो जागेवर आला. कालिंदी बोलली. कोतवालानं कानाला हात लावला. ती पुन्हा बोलली. त्यानं मान हलवली, वहीत 'तक्रार ऐकू आली नाही' असं लिहिलं आणि सही करून निघून गेला.

मग ती होडीत बसून नदीपार राजवाड्यात गेली. राजा सज्जात बसला होता. कालिंदीनं सगळं सांगितलं, पीसही दाखवलं. राजानं डोळे मिटून नदीपलीकडचा आवाज ऐकला.

"आम्हाला तर इथून गोड वाटतो."

"महाराज, इथून."

"तरी मागे कुणी तक्रार केली, म्हणून आम्ही तो फोडण्याची आज्ञा दिली होती. चर्मकारानं कातडं फाडलं, तर तो फाटक्या कातड्यानिशी दुप्पट वाजला. आमच्या हाती काही नाही, मुली."

परतीच्या होडीत कालिंदी मुलीला घट्ट धरून बसली. बारा दिवस उरले होते. एवढ्यात एक साळुंकी होडीच्या काठावर येऊन बसली.

"रडू नकोस," साळुंकी म्हणाली. "नगारा वाजत नाही. हाक मारतो आहे."

"कुणाला?"

"कुणाला मारू, तेच त्याला कळत नाही. आपण कोण, हे कुणी त्याला सांगितलेलं नाही. मायाव्यानं बनवला आणि टाकला. त्याचं बारसं कर."

"नगाऱ्याचं बारसं?" कालिंदीला हसू आलं, मग लाज वाटली. "लोक काय म्हणतील?"

"लोकांना ऐकू येतं कुठं?" साळुंकी म्हणाली. "तीन गोष्टी मिळव. त्याच्या मापाचा पाळणा. त्याची आत्या. आणि नाव. नाव असं हवं, की कुणीतरी कुणासाठी जपून ठेवलेलं. फुकटचं नाव त्याला लागणार नाही."

"तुला कसं ठाऊक?"

"माझंही राहिलं," साळुंकी म्हणाली. "माझ्या आईला फार नावं आवडायची." आणि उडाली.

कालिंदी तडक घरी आली.

पाळण्याचं तिनं नवऱ्याला विचारलं. बिचकतच विचारलं, कारण एवढा मोठा पाळणा कुठला सुतार करणार, आणि केला तर टांगणार कशाला? विश्वंभर विचारात पडला नाही की हसला नाही. "आजारी घोडा खाली बसला तर उठत नाही," तो म्हणाला. "म्हणून त्याच्या पोटाखालून झोळी घालून त्याला टांगून ठेवतो आम्ही. एक थोरली आहे. राजाच्या पांढऱ्या घोड्याची. गुत्त्याच्या अंगणात चिंच आहे, तिची फांदी तोलेल."

"आधी का नाही सांगितलंस?"

"तू आज विचारलंस."

आता आत्या. ज्यानं घरात घेतलं तो बाप, म्हणून नगाऱ्याचा बाप भैरोजी, आणि भैरोजीची थोरली बहीण रंभाक्का ती आत्या. रंभाक्का गुत्त्यात भजी तळायची. नगारा आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी झारा टाकून ती तीन डोंगरांपलीकडे निघून गेली होती. कालिंदीनं मुलीला पाठीशी बांधलं आणि चालू लागली. पहिल्या डोंगरावर आवाज बारीक झाला. दुसऱ्यावर विरला. तिसऱ्या डोंगरावर मुलगी दिवसाउजेडी गाढ झोपली, आठ महिन्यांत पहिल्यांदा. कालिंदी दगडावर बसून नुसती तिच्याकडे बघत राहिली. इथंच राहावं, असं तिच्या मनात आलं. पण जन्मलं घर इथं कुठून आणणार? ती उठली.

रंभाक्का ओसरीवर शेंगा सोलत होती.

"कुणाची गं तू?"

"गुत्त्याच्या शेजारची, अक्का."

"अजून ओरडतो का?"

"नगारा?"

"नगारा नव्हे, माझा भाऊ. मी म्हटलं, बाबा रे, हे घरात घेऊ नकोस. तर म्हणे, अक्का, रांजण आटत नाही! म्हटलं, मग रांजणालाच राखी बांधायला सांग." तिनं मूठभर शेंगा कालिंदीपुढं सारल्या. "मी येणार नाही. त्यानं बोलवावं, मग बघू."

"त्याला बोलवायला आवाज उरला नाही, अक्का. सगळा नगाऱ्यानं खाल्ला."

रंभाक्कानं तोंड फिरवलं. कालिंदीनं मुलीचं जावळ बाजूला केलं. आता कानामागं पाच पिसं होती आणि मानेवर मऊ लव उगवू लागली होती. रंभाक्कानं सूप खाली ठेवलं, पदर खोचला.

"आत्ता निघालो तर तुझ्या घरी कधी पोचू?"

"हिच्या वाढदिवसाला."

"मग बसलीस काय? चल."

वाटेत कालिंदीनं तिला नगाऱ्याच्या बारशाचं सगळं सांगितलं. वाढदिवसाला दुपार कलताना त्या पोचल्या. विश्वंभरानं चिंचेला झोळी टांगून ठेवली होती. गिऱ्हाईक अंगणभर नाचत होतं. भैरोजीनं बहिणीला पाहिलं आणि त्याच्या हातातलं मडकं सुटलं. ते फुटल्याचा आवाजही आला नाही. तो काहीतरी ओरडला. ती काहीतरी ओरडली. कुणाला काही कळेना. तेव्हा कालिंदीनं घरातून आपली जुनी पाटी आणली आणि बारशाचा बेत लिहून दाखवला.

भैरोजीनं लिहिलं, "रांजण आटेल."

रंभाक्कानं लिहिलं, "आटू दे. मी भरीन."

भैरोजीनं कोपरानं पाटी पुसली आणि नगाऱ्याला हात घातला. आठ जणांनी मिळून नगारा झोळीत ठेवला. चिंचेची फांदी वाकली, पण तोलली.

नगाऱ्याच्या कुशीला एक भोक होतं. तोच त्याचा कान. बाहेर कितीही गदारोळ असो, नगाऱ्याच्या पोटात शांतता असते. रंभाक्कानं भोकाला तोंड लावलं आणि सांगितलं, मेघराज. नगारा दणाणला. तिनं सांगितलं, गजाभाऊ. नगाऱ्यानं असा ठोका दिला की गुत्त्याची दोन कौलं निसटली. भैरोजीनं पाटीवर आपल्या मेलेल्या बैलाचं नाव लिहून दिलं. तेही लागेना.

सूर्य भिंतीशी आला. कालिंदीच्या कडेवरची मुलगी एकाएकी हलकी वाटू लागली. दंडांपर्यंत पिसं आली होती. त्या राज्यात पक्षी हलकेच असतात.

कालिंदीला कधीपासून कळलं होतं. होडीतच कळलं होतं. पण कळलं नाही असं धरून ती तीन डोंगर चालून आली होती. तिच्यापाशी जपलेलं नाव एकच होतं. ते द्यावं, तर मुलीला काय सांगणार? देऊ नये, तर मुलीला ते ऐकवणार कसं? तिनं पाटी घेतली. सुरेख अक्षरात लिहिलं, इंदुमती.

रंभाक्कानं वाचलं. बाईमाणूस, तिला कळलं. तिनं कालिंदीकडे पाहिलं, भुवया उंचावल्या. कालिंदीनं होकारार्थी मान डोलावली आणि आपलं मन पुन्हा बदलायच्या आत पाटी पुसून टाकली.

रंभाक्का वाकली. हळूच सांगितलं.

नगाऱ्याचा एक ठोका चुकला. मग एक अर्धाच पडला. मग झोळी दोनदा हलली आणि थांबली.

"निजली," रंभाक्का म्हणाली. आणि ते सगळ्यांना ऐकू आलं. नाचणारे जिथल्या तिथं उभे राहिले. कुणीतरी खोकलं, आणि आपल्याच खोकल्याला दचकलं.

कालिंदी धावत घरी आली. गोदू सकाळपासून पाळण्यापाशी बसून होती.

"वहिनी, लवकर! ऊन बघा कुठं गेलं! सांगू ना, तुम्ही ठेवलेलं?"

"ते दिलं, वन्सं."

"दिलं? कुणाला?"

"नगाऱ्याला."

"अगं बाई!" गोदूनं कपाळाला हात लावला. "मग आता हिला काय सांगू?"

राहिलेली एकोणचाळीस नावं कालिंदीच्या मनात रांगेनं येऊन उभी राहिली, प्रत्येक आपापली खोट घेऊन. उंबऱ्यावर उन्हाची बोटभर पट्टी उरली होती. कालिंदीनं मुलीला पाळण्यात ठेवलं. मुलीनं तोंड उघडलं. रडू येणार होतं की किलबिल, कोण जाणे.

"बकुळा," कालिंदी म्हणाली. ते नाव चाळीसांत नव्हतंच. कुठून आलं, तिला कळलं नाही, आणि विचार करायला वेळ नव्हता.

गोदू वाकली. "कुर्रर्र," म्हणाली, आणि मग हळूच, "बकुळा."

मुलीनं मान वळवली. आवाजाच्या दिशेनं, आपणहून, पहिल्यांदा. पट्टी उंबऱ्यावरून उतरली. पाळण्यात मूठभर करडी पिसं पडली होती, आणि त्यांच्यामध्ये बकुळा पाय झाडत होती, चांगली जड, माणसाच्या मुलीसारखी.

भैरोजीचा रांजण त्याच रात्री आटला. सकाळी रंभाक्कानं तो भरला, आणि उशिरा उठल्याबद्दल भावाला अंगणभर ऐकवलं. भैरोजीनं सगळं ऐकून घेतलं. गिऱ्हाईक निम्मं झालं. उरलेलं चिंचेखाली बसून बोलू लागलं, तेही बेतानं, झोळीकडे बघत. नदीपलीकडून राजानं जासूद धाडला, की ते गोड संगीत का थांबलं? कालिंदीनं सुरेख अक्षरात उत्तर दिलं, "इंदुमती निजली आहे. महाराजांनी उठवू नये."

आठ दिवसांनी भैरोजी स्वतः दाराशी आला. कानातला कापूस त्यानं काढला होता. घुटमळला, घसा साफ केला.

"वहिनी, रागावू नका. पण तुमची बकुळा पहाटे फार मोठ्यानं रडते हो."

"हो का?" कालिंदी म्हणाली, आणि त्याला आत बसवून लाडू दिला.

बकुळेला जसं तिचं नाव ऐकू आलं, तसं ज्याचं त्याला ऐकू येवो. कहाणी इथं थांबली. आता गप्प बसून थोडं ऐकावं.