यमाक्काचं वळण

माणमुलखातल्या जुन्या गाडीरस्त्यावर एक वळण आहे. दोन्ही अंगांना सपाट रान. ना डोंगर आडवा, ना ओढा. तरी सरळ आलेला रस्ता एकाएकी बाजूला सरकतो, वाडीभर वळसा घेतो नि पुन्हा आपल्या रेषेत येतो. वळशाच्या पोटात ओसाड पडलेली कोष्टीवाडी. पडक्या भिंती, घाणेरीची झुडपं, आणि मधोमध दगडांनी बांधलेला कमरेइतका खोल चौकोनी खड्डा. शहरातली मंडळी गाडी थांबवून फोटो काढतात. कुणी तरी हमखास विचारतं, "इथं काय पुरलंय?" समोर पंक्चरचं दुकान चालवणारे आबा डांगरे ट्यूब पाण्यात बुडवत सांगतात, "पुरलं कुनी न्हाई. बसली हुती. बसा, तुमीबी ऐका."

फार पूर्वी या वाडीत अकरा माग होते म्हणे. सगळे खड्ड्यातले. विणकरानं काठावर बसायचं, पाय आत सोडायचे नि तळातल्या पावड्या दाबायच्या. जमीन ओलसर, त्या गारव्यानं सूत नरम राहायचं. उन्हाळ्यात आसपासच्या गावांत हातभर विणलं की धागा तुटे, पण इथलं लुगडं असं घट्ट उतरायचं की बाजारातला व्यापारी डोळे मिटून, नुसतं चाचपून सांगे, हे कोष्टीवाडीचं.

अशात त्या मुलखाच्या सरदाराला तोफा ओढायला सरळ रस्ता हवा झाला. त्याचा मुकादम विसाजी दोरी नि फक्की घेऊन आला आणि वाडीच्या बरोबर मधून पांढरी रेघ मारून गेला. कोष्ट्यांना पलीकडच्या मुरमाड माळावर जागा मिळाली. दहा घरांनी कुरकुर केली, हात जोडले, नि बांधाबांध सुरू केली. अकरावा खड्डा यमाक्काचा. विधवा बाई, वय साठीच्या पुढचं. तिला पक्कं कळत होतं की मुरमावर सूत टिकायचं नाही. वर्षभरात सगळी वाडी दुसऱ्याच्या शेतात दगड वेचायला जाईल. ती मागावरून हललीच नाही.

"म्हातारे, ऊठ. मागून तोफा येतायत," विसाजी म्हणाला.

"येऊ देत की. त्यांना काय लग्नाला जायचंय व्हय?"

"अगं, खड्डा कुठंबी खणता येतो!"

"खड्डा येतो, मुकादमा. ओल कुठनं आणशील?"

विसाजीनं चिडून मागावरच्या ताण्यावर, म्हणजे त्या उभ्या धाग्यांवर, कोयता उगारला. सगळी वाडी ओरडली. चढलेला ताणा कापणाऱ्याच्या घरात अंगभर वस्त्र राहत नाही, असं कोष्टी मानत. विसाजीनं आपल्या धोतराकडं पाहिलं नि कोयता खाली घेतला.

दुसऱ्या दिवशी सरदार स्वतः आला. यमाक्कानं पदर सावरला, पण आडवा धागा नेणारा धोटा थांबवला नाही. म्हणाली, "येकच मागनं हाय, सरकार. ताणा उतरंस्तोवर मागाला नि या जाग्याला कुनी हात लावायचा न्हाई. उतरला की मी माझ्या पायानं उठंन." सरदारानं उरलेलं सूत नजरेनं मोजलं. फार तर आठ दिवसांचं काम. तो हसला, आणि सगळ्या फौजेदेखत त्यानं बेलभंडारा उचलून शब्द दिला.

सातव्या दिवशी यमाक्कानं नवं सूत आणलं. बोटांना राख लावली आणि जुन्या ताण्याच्या एकेका टोकाला नव्याचा एकेक धागा पिळून सांधला. यात चमत्कार काही नव्हता. फणीतून शेकडो धागे पुन्हा ओवायला लागू नयेत म्हणून प्रत्येक कोष्टी हेच करतो. विणलेलं लुगडं कापून उतरतं. ताणा उतरत नाही. कापड नुसतं नेसणाऱ्याला हे ठाऊक असायचं कारण नाही.

आठव्या दिवशी सरदार कुदळीवाले घेऊन आला. पाहतो तर माग भरलेला.

"बाई, तू मला फसवलंस."

"शब्द तुमचा, सरकार. भंडारा तुमीच उचलला. मी आपलं रोजचं काम करतीया."

"मग उतरणार कधी हा ताणा?"

"काय सांगू? माझ्या सासऱ्यानं चढवला हुता. अजून तरी उतरला न्हाई."

मागं उभी असलेली फौज हसली, असं सांगतात. सरदार लाल झाला. पण भंडाऱ्यावरचा शब्द मोडला तर उद्या हीच माणसं आपल्या शब्दावर लढणार नाहीत, हे न कळण्याइतका तो खुळा नव्हता. त्यानं घोडा वळवला. दोरीही वळली. दहा घरांनी बांधलेली गाठोडी सोडली आणि तिन्हीसांजेच्या आत अकराही धोटे पुन्हा धावू लागले.

पुढं कित्येक पिढ्यांनी गिरण्या आल्या नि कोष्टी शहराकडं गेले. आपल्या मर्जीनं, आपल्या पायानं. शेवटच्यानं जाताना यमाक्काच्या ताण्याची टोकं तिच्याच खड्ड्याच्या दगडी खुंटीला बांधून ठेवली. कापली नाहीत.

आजही येणारा-जाणारा रुमालाचा, पदराचा एखादा धागा उसवतो नि आधीच्याच्या टोकाला सांधतो. मध्यंतरी रस्ता रुंद करणारे साहेब सरळ रेघेचा नकाशा घेऊन आले होते. त्यांनी आबांना विचारलं, "हा खड्डा बुजवायला हरकत कुणाची?"

आबांनी त्या धाग्यांच्या गुंत्याकडं बोट केलं. "एवढं जरा सोडवून बगा, साहेब. शेवटचं टोक ज्याच्या हातात निघंल, त्याला इचारा."

रस्ता रुंद झाला. वळण आहे तिथंच आहे.